म्हशीचा कौल

आज उजाडायच्या आधीच माझ्या सुनेचा फोन टुणटुणायला लागला. महाडात आम्ही राहतो तिथून नातवाची शाळा इतकी जवळ आहे, की शाळेची घंटा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते. पण पाऊस धरून बसलेला, नाक्यावर घोटाभर पाणी साचलेलं, आणि पालकांच्या ग्रुपवर प्रश्न पडलेला, की मुलांनी आज चालत जावं का. एका आईने त्या पाण्याचा फोटो टाकला. दुसरीने आपल्या खिडकीतून काढलेला त्याच पाण्याचा फोटो टाकला. एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेल्या कुणा बापाने बसमधूनच लिहिलं, की भिजल्याने मुलं काटक होतात. त्यावर त्याच्याच बायकोने विचारलं, की गेल्या आठवड्यात चार थेंब अंगावर पडले म्हणून रजा टाकून पांघरुणात कोण पडलं होतं? मधेच कुणीतरी गणपतीचं चित्र घालून शुभ सकाळ म्हणालं. ही सगळी चर्चा ज्याच्याबद्दल चालली होती तो नातू उशीत तोंड खुपसून घोरत होता. निर्णय झाला तेव्हा पहिली घंटा होऊन गेली होती. सून वैतागून म्हणाली, "आई, तुमच्या वेळी बरं होतं. असलं काही ठरवत बसायला लागत नसेल." मी म्हटलं, "लागायचं की. आमची म्हैस ठरवायची." तिला वाटलं, सासूचं आता वय झालं. म्हणून हे लिहायला घेतलं आहे. निदान आमच्या चंद्रीची बाजू तरी कुणाला कळेल.

चंद्री म्हणजे आमची म्हैस. कपाळावर रुपयाएवढा पांढरा चांद, शिंगं मागे वळलेली, आणि चेहऱ्यावर असा भाव, की जगात जे काय चाललं आहे ते तिला आधीच माहीत होतं. आमची वाडी पोलादपूरच्या वर, उमरठच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर. घरं मोजकी, सगळी पेंढ्याची. बाबांनी एका वर्षी भाताचे पैसे आल्यावर पत्रे विकत आणले तेव्हा आम्हा बहिणींना वाटलं, आता आपल्या डोक्यावर गळणार नाही. बाबांनी ते पत्रे गोठ्यावर घातले. त्यामुळे पावसाळाभर आमच्या घरात दोन आवाज असायचे. आमच्या छपरातून टोपात, पातेल्यात नि पितळी तांब्यात ठिबकणाऱ्या गळतीचा एक, आणि भिंतीपलीकडे पत्र्यावर ताडताड कोसळणाऱ्या पावसाचा दुसरा. त्या पत्र्याखाली चंद्री कोरडी ठणठणीत बसून रवंथ करायची आणि आम्ही पोरं पांघरूण घेऊन घरभर कोरडी जागा शोधत फिरायचो.

आई ओल्या लाकडांशी भांडत चूल पेटवायची. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, आणि जिभेला चरचरून लागणारी सुकटीची चटणी. ती पिठी मला आज करता येते, पण तिला तो धुराचा वास येत नाही, आणि गॅसवर तो आणायचा कसा हे मला कुणी सांगत नाही. कपडे वाळायला दुसरी जागा नव्हती, म्हणून ते चुलीवर दोरी बांधून टांगलेले असायचे. त्यामुळे आमच्या वाडीची पोरं वर्गात शिरली की धूर आणि सुकट एकदमच शिरायची. आमचे गुरुजी देशावरचे, एकटेच खालच्या गावात खोली घेऊन राहणारे. नुसत्या वासावरून ते सांगायचे, की अमक्याकडे काल बोंबील होते आणि तमक्याकडे उपास होता. बिचारे स्वतःच्या हाताने भात करून खायचे, म्हणून त्यांचं नाक असं तयार झालं असावं.

बाबा गावकीचे पंच होते आणि घरातही पंचच असायचे. त्यांचा आवाज म्हणजे एक प्रकरण होतं. ते माळावर बैलाला हाक मारायचे तेव्हा तीन वाड्यांमधले बैल मान वर करायचे. साधं बोलणं त्यांना ठाऊक नव्हतं, जे काय ते ठराव. "आज पिठी करायची, असं ठरलं हाय," असं ते चुलीपुढे उभं राहून जाहीर करायचे, आणि पीठ संपलंय हे आईने सांगितलं की म्हणायचे, "मग ठराव पुढं ढकला." माणूस वाईट नव्हता. आम्हाला कधी हात लावला नाही. फक्त एखादी गोष्ट बोलून टाकली की ती झाली, असं त्यांना मनापासून वाटायचं.

माझ्याहून तीन वर्षांनी मोठी माझी बहीण, तिला मी अक्का म्हणायची. अक्का हुशार. पाढे तर ती असे म्हणायची, की गुरुजी मधेच थांबवून तिलाच पुढचं विचारायचे. ती पाचवीत असताना एका पावसाळ्यात बाबा म्हणाले, "पावसापुरती घरी ऱ्हा." बास, एवढंच. पाऊस गेला, मग भातकापणी आली, मग गवत काढायचं आलं, मग आईचा पाय दुखायला लागला. अक्काची शाळा सोडायची असा ठराव कुणी कधी केला नाही, आणि ती परत शाळेत गेलीही नाही. मी सांगते त्या वर्षी पाचवीत मी होते. 'पावसापुरती' हा शब्द कधी माझ्यावर येऊन पडतो, याची मला सापासारखी भीती वाटायची. बाबा जेवताना खाकरले तरी मी ताटावरून उठायचं निमित्त शोधायची.

आमची शाळा खालच्या गावात, आणि मध्ये वहाळ. उन्हाळ्यात त्या ओढ्यात गोट्यांशिवाय काही नसायचं, पण पावसाळ्यात तो माणसाला विचारत नसे. दर वर्षी पावसाआधी गावकी त्याच्यावर साकव घालायची. दोन लांब ओंडके आडवे टाकायचे, वर फांद्या, वर माती, झाला पूल. त्या वर्षी साकव आषाढातच वाहून गेला. भर पावसात नवा घालणं शक्य नव्हतं, म्हणून पोरांनी पाण्यातून शाळेत जावं की नाही, हे ठरवायला देवळात गावकी बसली. मी आणि माझा चुलत भाऊ बाळ्या देवळाच्या मागच्या कुडाला कान लावून उभे होतो. बाळ्याला सुट्टी पाहिजे होती. मला काय पाहिजे होतं ते मी सांगितलंच आहे.

पहिल्यांदा बोलले धोंडूनाना. वाडीतले सगळ्यात म्हातारे. "आमी शाळंत गेलो नाय. काय बिघडलं आमचं?" असं त्यांनी विचारलं. सगळ्यांनी नानांकडे डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं. मग उठले पांडूकाका, म्हणजे बाळ्याचे बाप. ते मुंबईला गिरणीत असायचे आणि तेव्हा काविळीच्या रजेवर घरी आले होते. "बंबईला कमरेएवढं पाणी भरतं, तरी पब्लिक थांबत नाय. अपना पोरगा पण जाईल. लेकिन सेफ्टी पायजे. सेफ्टी नसंल तर पाठवायचा नाय," असं म्हणून ते दोन्ही बाजू आपल्याच खिशात घालून बसले. कुणीतरी म्हणालं, देवाला कौल लावू. आमच्याकडे अडलेल्या कामाला तीच रीत. देवाच्या अंगाला कळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पण पाणी रोज कमीजास्त व्हायचं, म्हणजे कौलही रोज सकाळी लावायला हवा. त्यावर गुरव एकदम तडकला. "देवानं काय दुसरी कामं नाय करायची? ह्या पोरांच्या शाळंसाठी त्याला रोज कोंबड्याबरोबर उठवू?"

तेवढ्यात नाना पुन्हा बोलले, आणि वाईट गोष्ट अशी, की ते शहाण्यासारखं बोलले. "म्हशीला पाणी कळतं. जोर जास्त असंल तर म्हैस पाय घालत नाय. म्हैस उतरली तर तिच्यामागनं पोरं उतरतील. थांबली तर थांबतील." अख्ख्या देवळाने माना डोलावल्या. रोज वहाळापलीकडच्या माळावर चरायला जाणारी म्हैस एकच, ती म्हणजे आमची चंद्री. बाबांची छाती अशी फुगली, की मला कुडाच्या फटीतूनही दिसली. ठराव झाला. चंद्रीचा कौल तो वाडीचा कौल. पण त्याला बाबांनीच एक शेपूट जोडलं. "आठवडाभर म्हैस सारखी थांबली, तर पोरींनी पावसापुरतं घरीच ऱ्हावं." वाडीतून शाळेत जाणारी पोरगी मी एकटीच होते. अंधारात बाळ्या आनंदाने मला चिमटे काढत होता.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मिरवणूक निघायला लागली. पुढे चंद्री, मागे बाबा, त्यांच्यामागे डोक्यावर इरली घेतलेली आम्ही पोरं. इरलं म्हणजे बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं, पाठीवरून खाली उतरणारं छप्पर. वरून बघणाऱ्याला वाटलं असतं, की कासवं म्हशीची पूजा करायला निघाली आहेत. वहाळाशी आलं की चंद्री थांबायची आणि पाणी हुंगायची. मग डोळे अर्धे मिटून रवंथ सुरू. बाबा हळू आवाजात, म्हणजे शेजारच्या वाडीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, सांगायचे, "गप ऱ्हावा. इचार चाललाय तिचा." पलीकडच्या काठावर काळी छत्री घेऊन गुरुजी उभे असायचे. वाडीची पोरं आली नाहीत तर त्यांच्या वर्गात बाकं जास्त आणि मुलं कमी व्हायची. असा तो शिकलेला माणूस रोज सकाळी म्हशीच्या तोंडाकडे बघत ताटकळायचा.

मी गुरुजींना एक गोष्ट सांगून ठेवली. चंद्रीला शिळी भाकरी आवडते, आणि वर मीठ भुरभुरलं तर जीव टाकते. दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात मीठ लावलेली भाकरी. "चंद्रे, ये बाळ! ये, ये, शहाणी ती!" अशी त्यांची शुद्ध भाषा वहाळावरून ऐकू आली. चंद्रीने कान टवकारले आणि सरळ पाण्यात उतरली. बाळ्याने हे बघितलं. तिसऱ्या दिवशी तो आमच्या काठावर कोवळ्या गवताचा भारा घेऊन हजर. त्याच्यापुढे चंद्री अशी रमली, की त्या दिवशी शाळा बुडाली. मग मी भाकरीबरोबर गुळाचा खडा सुचवला. बाळ्याने बांबूचे कोंब आणले. चंद्री काही मूर्ख नव्हती. ती आधी अलीकडे बाळ्याचं सगळं खायची, मग पलीकडे जाऊन गुरुजींचं सगळं खायची, आणि संध्याकाळी सड तट्ट झाले की कुणी न बोलावता घरी यायची. तिच्यामागून आम्ही. आई दूध काढताना खूश होऊन म्हणायची, "यंदा चांगली पावली हो ही!" पाणी किती आहे हे बघायला वाडीने म्हैस लावली होती, आणि म्हैस बघत होती कुणाच्या हातात काय आहे. मला यात आजही काही वावगं वाटत नाही. पालकांच्या ग्रुपपेक्षा तिचा निर्णय लवकर व्हायचा, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगेन.

श्रावणात पाऊस हलका होतो म्हणतात. त्या श्रावणात झड लागली ती सुटेना. सूर्य कुठल्या बाजूने उगवतो हे विसरायला झालं. वहाळ फुगला, लाल झाला, आणि चंद्रीने पाय आखडला. गुरुजींनी भाकरी दाखवली, गूळ दाखवला, एकदा तर स्वतःच्या गावाहून आलेला लाडू आणला. ती ढिम्म. बाळ्याला गवत आणायचेही कष्ट पडेनात. रोज सकाळी ती थांबायची आणि मागे वळायची, आणि बाबा माझ्याकडे न बघता म्हणायचे, "कौल नाय." असा आठवडा सरत आला. उरला शेवटचा एक दिवस. आदल्या संध्याकाळी आई मला जवळ घेऊन भाकऱ्या थापत बसली, आणि अक्काने माझं दप्तर, म्हणजे खताची प्लास्टिकची पिशवी, धुऊन चुलीवर टांगली. मला त्या पिशवीकडे बघवेना. मला शाळेतलं सगळंच आवडायचं असं नाही, गणित तर अजिबात नाही. पण ती माझी जागा होती. तिथे मला कुणी शेण काढायला उठवत नव्हतं.

त्या शेवटच्या दिवशी पहाटेच गोठ्यातून हंबरडा आला. पत्र्याखाली तो असा घुमला, की छपरातली गळतीसुद्धा क्षणभर थांबल्यासारखी वाटली. पुन्हा हंबरडा. मग दावं ओढल्याचा, खुर आपटल्याचा आवाज. आई उठून बसली आणि म्हणाली, "आता गो बया! हिला आजच सुचायचं व्हतं!" अक्काने माझ्याकडे बघितलं, मी अक्काकडे. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या पोरांना या गोष्टी कुणी शिकवत नाही आणि कुणी लपवूही शकत नाही. चंद्री माजावर आली होती. आणि सगळ्या खोऱ्यात रेडा एकच. तो होता खालच्या गावात, शाळेच्या मागच्या अंगणात, वहाळाच्या पलीकडे. मी उठून नाचायचंच बाकी होतं.

आठवड्याचा शेवटचा दिवस म्हणून सगळी वाडी काठावर जमली होती. वरच्या बांधावर बेणणीला आलेल्या बायका भातातलं तण काढायचं सोडून उभ्या राहिल्या. पाणी मोठ्या माणसाच्या छातीएवढं असेल, आणि त्यातून अख्खी झुडपं मुळांसकट वाहत चालली होती. बाबा चंद्रीला घेऊन आले, म्हणजे चंद्री बाबांना घेऊन आली. काठावर तिने हुंगलं नाही, डोळे मिटले नाहीत, कसलाच विचार केला नाही. बाबांच्या हातातलं दावं हिसकून तिने धाडकन उडी घेतली, तिरकी पोहत पलीकडे निघाली, आणि गुरुजींच्या हातातल्या भाकरीकडे ढुंकूनही न बघता खालच्या गावाकडे धावत सुटली. गुरुजी भाकरी पुढे धरून तसेच उभे होते. त्यांच्या मनाला जरा लागलं असावं.

"लाइन क्लिअर!" पांडूकाका ओरडले. "चलो, चलो, पोरं सोडा!" गुरुजींनीही पलीकडून भाकरी हलवली. "या, या! म्हैस आली! पाठवा मुलांना!"

काठावरचे पंच एकमेकांकडे बघायला लागले. चंद्री का गेली हे प्रत्येकाला कळलं होतं. ते पोरांसमोर, त्यातून पोरीसमोर बोलायचं कसं हे कुणालाच कळत नव्हतं. बाबा खाकरले. "आजचा कौल धरायचा नाय."

"का?" मी विचारलं.

"तिची तब्येत बरी नाय."

"बरी नाय तर येवढी पळाली कशी, काका?" बाळ्याने विचारलं. त्याला सगळं माहीत होतं. मेला मुद्दाम विचारत होता.

"तिला... तिला काम हाय," नाना मदतीला आले.

पलीकडून गुरुजी पुन्हा ओरडले, "अहो, अडलंय कुठे? म्हैस तर गेली!" बाबांनी हात हलवून नाही म्हटलं. गुरुजींना ते "या" असं वाटलं की काय, त्यांनी छत्री मिटून पोरांना ओढून घ्यायला हात पुढे केला. बाबा ओरडले, "नाय, नाय! म्हशीचं खासगी हाय!" गुरुजी म्हणाले, "काय?" बाबा म्हणाले, "घरगुती हाय तिचं!" गुरुजी म्हणाले, "म्हणजे काय?" तेव्हा बाबांचा धीर सुटला. त्यांनी तो बैलांना हाक मारायचा आवाज काढला. "गुरुजी, म्हैस माजावर आलीय! रेड्याकडं गेलीय ती! तिला आज पाण्याचं भान नाय!" समोरच्या डोंगराने ते सगळं अगदी नीट परत सांगितलं. बांधावरच्या बायका पदर तोंडात कोंबून खाली बसल्या. गुरुजींनी मिटलेली छत्री पुन्हा उघडली आणि तिच्यात तोंड लपवलं.

सगळे हसत होते आणि माझ्या डोक्यात मात्र एकच घुमत होतं. आज गेले नाही तर पावसापुरती घरी. "ठराव म्हणजे ठराव," मी म्हटलं. "म्हैस गेली. मी पण जाते." आणि इरलं सावरत मी पाण्यात शिरले. पहिलं पाऊल ठीक पडलं. दुसऱ्याला पायाखालचा गोटा फिरला, पाण्याने इरलं धरून असं ओढलं, की मला काठ दिसेना, आणि तोंडात गढूळ पाणी गेलं. मी घाबरले. इतकी घाबरले, की ओरडताही येईना. मग माझी वेणी कुणीतरी गच्च धरली आणि मला काठावर फरफटत आणलं. ती अक्का होती. बाबांचं ओरडणं ऐकून शेणाचे हात न धुताच गोठ्यातून तशीच धावत आली होती. मागून आई आली. तिने आधी माझ्या पाठीत एक धपाटा घातला, मग मला पोटाशी धरलं, आणि मग पुरुषांकडे वळली.

आमच्याकडे बायका गावकीत बोलत नसत. पण हे देऊळ नव्हतं, वहाळ होता, आणि तिथे बोलू नये असा ठराव कुणी केलेला नव्हता. "सारा पावसाळा म्हशीला इचारताय," आई म्हणाली. "त्याच्या आदी देवाला इचारनार व्हता. आता रेड्याला पन इचारून घ्या, त्याचाच काय तो मान ऱ्हायलाय. ह्या पोरीला कुनी इचारलंत का, बाय, तुला जायचंय का म्हनून?"

अक्का गवतावर हात पुसत होती. आमटीत मीठ कमी पडलंय हे सांगावं तितक्या साध्या आवाजात ती म्हणाली, "मला पन नव्हतं इचारलं."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. माझ्या बापाचा आवाज बसलेला मी जन्मात पहिल्यांदा तेव्हा ऐकला, कारण त्यांनी मला जे विचारलं ते नुसतं ओठांवरून कळलं. "सुमे, जायचंय गो तुला शाळंत?"

"व्हय," मी म्हटलं. "पण आज नको. पाणी लय हाय."

कपाळावर हात मारून नाना खाली बसले. "मग त्या म्हशीला कशाला तरास दिलात रे एवढा!"

"आनि तुला गो?" बाबांनी अक्काला विचारलं. "इचार करून सांगते," असं म्हणून ती हात धुवायला घरी निघून गेली, आणि तिला कुणी हटकलं नाही.

त्याच संध्याकाळी गावकी पुन्हा बसली आणि जे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं ते सुचलं. दोन्ही काठांच्या झाडांना दोर बांधायचा, सकाळ-संध्याकाळ एकेका घरच्या बाप्याने पाळीपाळीने पाण्यात उभं राहायचं, आणि पाणी मांडीच्या वर असलं तर कुणीच जायचं नाही. चंद्रीला बाबांनी खालच्या गावातून, पार पोलादपूरच्या पुलावरून वळसा घालून आणलं. ती गाभण राहिली हे पुढे कळलं, पण त्या वेळी तिने आमच्याकडे बघितलंही नाही. पांडूकाका मुंबईला जाऊन सांगत सुटले, की सेफ्टीची ही सगळी आयडिया त्यांची.

पाणी उतरायला तीन-चार दिवस गेले. त्या दिवसांत अक्काने काही सांगितलं नाही आणि बाबांनीही पुन्हा विचारलं नाही. पहिली पाळी आमच्या घराची होती. बाबा धोतर खोचून मांडीभर पाण्यात उभे, एका हाताने दोर धरलेला, पावसाची सर तोंडावर घेत. मी काठावर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "जायचं ना?" मी पाण्याकडे नीट बघितलं आणि म्हटलं, "जायचं." दोर धरून मी निघाले, माझ्यामागे बाळ्या कुरकुरत. मध्यावर आलो तेवढ्यात मागे दोर ताणला गेला, म्हणजे आणखी कुणीतरी धरला होता. मी वळून बघितलं. डोक्यावर आईचं इरलं घेऊन अक्का पाण्यात उतरली होती. बाबांनी तिला येताना बघितलं आणि विचारलं, "काय ठरलं गो तुझं?" पण तिचे दोन्ही हात दोरावर होते आणि जुनी पाटी दातांत धरलेली होती, त्यामुळे उत्तर द्यायला तिचं तोंड मोकळं नव्हतं. ती तशीच त्यांच्या अंगावरून पलीकडे गेली.